निजलेले सरंगे

पेटीतल्या एका सरंग्याने कल्ला उघडून मिटला आणि दुर्वा घाबरली.

सरंगा म्हणजे आपलं पापलेट. माशाने कल्ला उघडला यात घाबरण्यासारखं काय आहे, असं तुम्ही म्हणाल. पण हा मासा झोपलेला असायला हवा होता. तीही आपली जेवणानंतरची डुलकी नव्हे, हृदय कसंबसं अधूनमधून हलावं इतकी खोल झोप. काल दुपारपासून दुर्वा काचेच्या झरोक्यातून आत डोकावत होती, आणि काल दुपारपासून पाण्यात बुडवलेल्या फळ्यांवरची ती चपटी, रुपेरी शरीरं जशीच्या तशी पडून होती. आता एकाने श्वास घेतला होता. तिच्या डोळ्यांदेखत शेजारच्यानेही घेतला.

तिने तापमान दाखवणाऱ्या पडद्याकडे पाहिलं. उणे दीड अंश असायला हवं होतं. उणे एक दिसत होतं.

"सिद्धेश, सुकाणू मामांकडे दी आणि आधी हय ये!" ती ओरडली.

सिद्धेश तिचा नवरा. मामा म्हणजे लवू कोयंडे, तिचे सासरे आणि 'सातेरीप्रसाद' या बोटीचे तांडेल. बोटीवर शब्द चालतो तो तांडेलाचा. माणसं ही एवढी तीनच. ऑक्टोबरचं ऊन मी म्हणत होतं, समुद्र पाटासारखा सपाट पडला होता, आणि देवगडच्या दक्षिणेची त्यांची बाणखोल खाडी अजून दिवसभराच्या वाटेवर होती.

ही झोपेची काय भानगड आहे ते आधी सांगायला हवं. दक्षिण ध्रुवाकडच्या गोठत्या समुद्रात काही मासे मजेत पोहतात. त्यांच्या रक्तात एक प्रथिन असतं. बर्फाचा कण तयार होऊ लागला की ते त्याला जाऊन चिकटतं आणि त्याला वाढू देत नाही. शास्त्रज्ञांनी हे प्रथिन यीस्टकडून पिंपांत तयार करून घेतलं, समुद्राच्या पाण्यात मिसळलं आणि त्या पाण्यात जिवंत मासा हळूहळू थंड करत उणे दीडपर्यंत नेला. मासा गोठला नाही, मेलाही नाही. निजला. आठ-आठ दिवस निजला, आणि हलक्या हाताने ऊब दिल्यावर उठून पोहायला लागला. आपल्याकडच्या उबदार पाण्यातल्या माशांना ही थंडी मानवायला काही वर्षं गेली, पण मानवली. कागदोपत्री या तंत्राचं नाव भलतंच भारदस्त आहे. ते बंदरावर कोणाच्या जिभेवर बसेना, म्हणून लोक निजथंडी म्हणू लागले आणि शेवटी शास्त्रज्ञांनीही निमूटपणे तेच नाव घेतलं.

निजथंडी आली आणि किनाऱ्याची सगळी घडीच बदलली. बर्फाचे कारखाने एकामागून एक बंद पडले. पुण्या-बेळगावातल्या गिऱ्हाईकाला मेलेला मासा दाखवला तर ते नाक मुरडायला लागलं. मात्र या थंडीचा एक नखरा होता. पारा शून्याकडे चढू लागला की मासा अर्धवट जागा होतो, शून्यावर हृदय हवा मागू लागतं, आणि फळीवर दाटीवाटीने पडलेल्या त्या जिवाला ती मिळत नाही. उणे अडीचच्या खाली गेलं की प्रथिनही हात टेकतं आणि बर्फाच्या सुया अंगात शिरतात. मरण दोन्हीकडे. म्हणून निजथंडीच्या बोटीवर शीतयंत्र जाणणारा माणूस हवाच, असा नियम झाला.

बाणखोलात असं जाणणारं माणूस एकच होतं, आणि ते म्हणजे कोयंड्यांची सून. कुडाळच्या आयटीआयमधून रेफ्रिजरेशन शिकलेली, लग्नाआधी बर्फाच्या कारखान्यात कॉम्प्रेसर सांभाळणारी दुर्वा. 'सातेरीप्रसाद'चं शीतयंत्र तिने स्वतः बसवलं होतं. लवू तांडेलांना सुनेचं कौतुक नव्हतं असं नाही, घरात होतं. पण बाईमाणूस होडीवर? त्यांच्या बापजाद्यांनी असलं काही पाहिलं नव्हतं. नियम ऐकल्यावर दोन दिवस ते जेवताना कोणाशी बोलले नाहीत. मग म्हणाले, "येवंदे. पण माझ्या होडयेर माझा ऐकूक व्हया." एवढं बोलून ते होडीच्या डागडुजीला लागले. होडी म्हणजे त्यांचा जीव की प्राण. बंदरात दहा बोटी उभ्या असल्या तरी 'सातेरीप्रसाद' नजरेत भरायची.

आणि पावसाळ्यानंतरची ही पहिलीच खेप काही रोजची नव्हती. फळ्यांवर निजलेले सरंगे खाण्यासाठी नव्हतेच मुळी. समुद्र तापला, जाळ्यांची छिद्रं बारीक झाली, आणि बाणखोलचा सरंगा उत्तरेकडे गेला तो गेलाच. गेल्या कित्येक वर्षांत खाडीच्या तोंडाशी कोणाला एक सापडला नव्हता. आता संशोधन केंद्राच्या मदतीने उत्तरेच्या पाण्यातली अंड्यांवर आलेली, गाभोळीची जोडपी आणून खाडीत सोडायची, ती तिथे वाढवायची आणि गावाने राखायची, असं ठरलं होतं. परवानगी होती ती या एकाच मोसमाची आणि एकाच खेपेची. सरंगा इतका नाजूक की जाळ्यातून वर आला की गेला. निजथंडी नसती तर हा विचारही कोणाच्या डोक्यात आला नसता. मासे पोचले तर गावाचा सरंगा परत आला. नाही पोचले तर विषय संपला.

"काय झाला गो?" सिद्धेश खाली आला.

"जागे होतहत."

शीतयंत्राच्या डोक्यात बसवलेला संगणक बोलायचाही. न विचारता शिकवत सुटायचा म्हणून सिद्धेशने त्याचं नाव मास्तर ठेवलं होतं. मास्तर आता शांतपणे सांगत होते, "नळीच्या काचेत बुडबुडे आढळले आहेत. गॅसचे प्रमाण कमी आहे. कृपया भरणा करा."

मास्तर वाटेल ते बोलत नव्हते. गॅस पातळ होऊन, म्हणजे द्रव बनून, पेटीकडे परत जातो त्या नळीला बोटभर काच बसवलेली असते. काच स्वच्छ दिसली तर नळी गच्च भरलेली, बुडबुडे दिसले तर आत कमतरता. दुर्वाने बॅटरी मारून पाहिलं. बुडबुडे होते, भातावर येतात तसे भरभरून.

गॅस कमी झाला म्हणजे कुठून तरी गळला. तिने साबणाचा फेस केला, ब्रशने एकेक सांधा माखला आणि श्वास रोखून बघत बसली. एकही फुगा उठला नाही. आयटीआयमध्ये देसाई सर घसा फोडून सांगायचे, गळती सापडल्याखेरीज गॅसच्या बाटलीला हात लावायचा नाही. पण देसाई सरांच्या वर्गात सरंगे कल्ले हलवत नव्हते. पडदा उणे पॉइंट नऊवर आला. तिने बाटली वजनकाट्यावर ठेवली, नळीतली हवा हुसकून दिली आणि गॅस भरायला घेतला, थोडा थोडा, काचेवर नजर ठेवून.

बुडबुडे कमी झाले. सिद्धेशने हुश्श केलं. दुर्वानेही केलं असतं, पण दाबाचा काटा चढत होता. चढतच गेला. तिने बाटलीची चावी बंद करेपर्यंत तो तांबड्या रेघेवर जाऊन टेकला, टक् असा आवाज झाला आणि कॉम्प्रेसर बंद पडला.

"दाब मर्यादेबाहेर," मास्तर म्हणाले. "नियमानुसार जवळच्या शीतजहाजाला कळवले आहे."

"गप रव रे मेल्या!" सिद्धेश मास्तरांवर खेकसला.

दुर्वा तशीच उकिडवी बसून राहिली. तिला स्वतःचा भयंकर राग आला होता. पण राग करत बसायला वेळ कुठे होता? तिने डोळे मिटले आणि पहिल्या दिवसाच्या धड्यापासून सुरुवात केली.

शीतयंत्र थंडी बनवत नाही. जगात थंडी बनवणारं काहीच नाही. यंत्र फक्त आतली ऊब उचलून बाहेर नेऊन टाकतं. गॅस पेटीत शिरतो, फुगतो, तिथली ऊब अंगावर घेतो. कॉम्प्रेसर त्याला दाबून तापवतो. मग तो तापलेला गॅस बोटीच्या तळाला बसवलेल्या काशाच्या पट्टीत जातो, समुद्राला आपली ऊब देऊन टाकतो आणि पातळ होऊन परत येतो. म्हणजे खाली जाणारी नळी गरम हवी आणि वर येणारी कोमट.

तिने जाणाऱ्या नळीला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. येणाऱ्या नळीला हात लावला, तर तीही तशीच चटचटत होती.

"समुद्र ऊब घेत नाही आहे," ती स्वतःशीच म्हणाली. गॅस कमी झालाच नव्हता. तो पुरता पातळ होत नव्हता म्हणून काचेत बुडबुडे होते. आणि तिने त्यात वर आणखी गॅस कोंबला होता. जाताना रिकामी पेटी गार व्हायला दुप्पट वेळ लागला तेव्हा तिने ऑक्टोबरच्या उन्हाला बोल लावला होता. तेव्हाच कान टवकारायला हवे होते. रात्रीच्या गारव्यात यंत्राने कसंबसं निभावलं, आजच्या उन्हात निभावेना.

पण समुद्र ऊब का घेत नव्हता? पट्टीवर कालवं आणि शेवाळ चढलं तर असं होतं. पण बोट पावसाळाभर किनाऱ्यावर होती. नारळी पौर्णिमेआधी तळ लख्ख घासून, रंगवून...

दुर्वा ताडकन उठली आणि शिडी चढून वर गेली.

"मामानू, होडयेच्या तळाक काशाची पट्टी आसा, तिका रंग लावलास काय?"

लवू तांडेल सुकाणूवर होते. प्रश्न ऐकून त्यांचा चेहरा खुलला. इतक्या दिवसांनी सुनेने कामाचं काहीतरी विचारलं होतं.

"लायलंय तर! तुझो तो सिद्धेश उघडीच ठेवन गेल्लो. दर्यात सोडताना होडयेचा पोट उघडा ठेवचा नसता गो. माझ्या आज्यान ठेवूक नाय, बापाशीन ठेवूक नाय. तिका तर मी सगळ्यात चांगलो रंग दिलंय. तीन हात!"

ही बाणखोलची रीत होती. होडी पाण्यात उतरवण्याआधी घरातल्या सर्वांत वडील माणसाने तळाला रंग द्यायचा, आणि बोटभरही जागा सुटता कामा नये. सुटली तर त्या घराची अब्रू जाते. दुर्वाने सिद्धेशला बजावलं होतं, पट्टीला रंग नको. सिद्धेशने बजावल्याप्रमाणे पट्टी सोडली होती. सोडली म्हणून सांगायचं मात्र विसरला होता. आणि लवू तांडेलांनी मुलाचा गलथानपणा समजून, वाकून, पाठीवर झोपून, मायेने तिला तीन हात दिले होते. जहाजाचा जाड रंग. पट्टीला गोधडी पांघरल्यासारखंच झालं होतं ते.

"मामानू," दुर्वा म्हणाली, "ती पट्टी उघडीच ठेवची असता. त्या वाटेन पेटयेतली ऊब दर्यात जाता. ती बुजली. सरंगे जागे होतहत."

तांडेलांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहून गेलं होतं, ते काढायचं त्यांना सुचलं नाही. दुर्वाला ते बघवेना.

तेवढ्यात वायरलेस खरखरला. मास्तरांचा निरोप मिळालेलं शीतजहाज जवळच होतं, एका बड्या कंपनीचं. पलीकडचा अधिकारी मोठ्या अदबीने बोलत होता. मासे ते घेतील, त्यांच्या टाक्या उणे दीडला तयार आहेत. मात्र नियम सर्वांना ठाऊक आहेच. ज्याच्या टाकीत मासे, बीजही त्याचंच. सरंगे त्यांच्या केंद्रात जातील, बाणखोलला नाही.

"देवन टाकूया, दुर्वा," सिद्धेश हळूच म्हणाला. "आपल्या हातान मारण्यापरास बरा. जीव तरी वाचतले."

तो चुकीचं बोलत नव्हता, म्हणूनच ते झोंबलं. दुर्वाला हे मासे बाणखोलात हवे होते. गावातल्या बायकांनी खाडीच्या तोंडाशी कुंपणाची जाळी स्वतः विणली होती. पण हट्टापायी सरंगे मेले असते तर ती त्याच बायकांच्या डोळ्याला डोळा देऊ शकली नसती.

तिने माईक घेतला. "सर, तुम्ही जवळ येऊन थांबा. पेटी शून्यावर आली तर मासे तुमचे. मी स्वतः तुमच्या हाती देईन. तोवर आम्हाला एक प्रयत्न करू द्या."

"शून्याच्या पुढे आम्हीही काही करू शकणार नाही, मॅडम."

"माहीत आहे, सर."

ती वळली तेव्हा लवू तांडेल सदरा काढत होते.

"बाबानू, काय करतास? मी जातंय ना खाली," सिद्धेश पुढे झाला.

"तुका पट्टी खय आसा ता धड गावाचा नाय. रंग मी लायलंय, काढतलंय पण मीच." मग ते दुर्वाकडे वळले. आयुष्यभर हुकूम देत आलेला तो माणूस तिच्यासमोर हात बांधून उभा राहिला. "कसो काढू, ता तू सांग."

दुर्वाने सांगितलं. सुरी नको, कोयता नको, लोखंडाचं काहीच नको. पट्टीच्या पोटातून गॅसची नळी जाते, खोल ओरखडा गेला तर सगळा गॅस समुद्रात. स्वयंपाकाच्या कोपऱ्यात नारळाची करवंटी होती. सिद्धेशने ती आपटून फोडली, धारेचे दोन तुकडे बापाच्या हाती दिले आणि त्यांच्या कमरेला दोर बांधला. इंजिन बंद झालं. तांडेलांनी समुद्राला नमस्कार केला आणि उडी मारली.

दुर्वा खाली धावली. आधी जास्तीचा गॅस काढायला हवा होता. तिने रिकामी बाटली ओल्या गोणपाटात गुंडाळली आणि दाबाच्या बाजूला जोडली. आतला दाब एवढा होता की गॅस आपणहून बाटलीत धावला. काट्यावर तिने भरलेलं तेवढं वजन परत आलं, वर थोडं आणखी काढलं. मग कॉम्प्रेसर सर्वांत हळू चालीवर सुरू केला. तो छतावरच्या सौरपट्ट्यांवर चालायचा, त्यामुळे इंजिनाची गरज नव्हती, आणि ऊन तर वैऱ्यासारखं तापलं होतं. त्या उन्हाचं त्या दिवशी तेवढंच एक पुण्य.

पेटी उणे अर्ध्यावर होती.

तळातून आवाज यायला लागला. खर्र, खर्र, खर्र. मग शांतता, म्हणजे तांडेल श्वास घ्यायला वर आले. मग पुन्हा खर्र, खर्र. वर सिद्धेश दोर सैल सोडत होता, ओढत होता आणि प्रत्येक वेळी बापाचं डोकं दिसलं की काहीतरी ओरडत होता. पाण्यावर लाल रंगाच्या खपल्या तरंगायला लागल्या. तो लाल रंग तांडेलांनी खास मालवणहून आणवला होता.

दाबाचा काटा हलेना. उणे पॉइंट तीन. पेटीत आता सात-आठ सरंगे कल्ले हलवत होते, एकाची शेपटी थरथरली. दुर्वा काचेला कपाळ लावून त्यांना म्हणत होती, "निजा रे, निजा. थोडा वेळ निजा." कोणी ऐकलं असतं तर वेडी म्हणालं असतं.

खर्र, खर्र.

आणि काटा सुटला. केसाएवढा, पण सुटला. तिने परत येणाऱ्या नळीला हात लावला. चटका बसला नाही.

ती वर धावली. तांडेल एका हाताने बोटीची कड धरून लोंबकळत होते. ओठ निळे पडले होते, बोटांतून रक्त येत होतं, छाती भात्यासारखी हलत होती. सिद्धेश त्यांना वर ओढू बघत होता आणि ते मान हलवत होते.

"उजवो कोपरो ऱ्हवलो," ते दुर्वाला म्हणाले. त्यांना धाप लागली होती. "एक बुडी. जाव काय?"

लवू तांडेल परवानगी मागत होते. आजवर त्यांनी ती फक्त गावच्या सातेरीदेवीकडे मागितली असेल.

दुर्वाने त्यांचे ओठ पाहिले. शिडीच्या तोंडातून खालचा पडदा दिसत होता, उणे पॉइंट एक. दूर शीतजहाजाचा पांढरा डोलारा उभा होता, एका शब्दाची वाट बघत. हो म्हणावं तर म्हातारा बुडेल, नाही म्हणावं तर खाडीचे सरंगे गेले. तिने डोकं चालवलं. पेटीतल्या पाण्याला निवायला वेळ लागतो, पडदा पाण्याचं तापमान दाखवतो. पण गॅस जिथे फुगतो त्या भिंतीला कळतं सर्वांत आधी. ती खाली गेली, पेटीचं झाकण बोटभर उचललं आणि भिंतीला हात लावला. बोट चिकटलं. भिंतीवर नवं, पांढरं हिम धरलं होतं.

एवढ्यावर निभावत होतं. तो कोपरा राहिला तरी चालणार होतं.

"मामानू, नको! वर येवा," ती शिडीवरूनच ओरडली. "झाला! यंत्र चल्ला!"

"कोपरो..."

"ऱ्हवांदे कोपरो. मी सांगतंय. वर येवा."

ते आले. दोघांनी त्यांना बोटीच्या वरच्या फळ्यांवर निजवलं, चादरीत गुंडाळलं. दुर्वा परत खाली जाऊन बसली. उणे पॉइंट एक. उणे पॉइंट एक. तिने माईक हातात धरला होता, बोट कळीवर होतं. ठरल्याप्रमाणे शून्य दिसलं असतं तर तिने कळ दाबलीच असती, तिचं तिला ठाऊक होतं. उणे पॉइंट एक. उणे पॉइंट दोन.

तिने कळ दाबली. "सर, तुमचे फार आभार. सरंगे आमच्याकडेच निजतील."

अदबीची भाषा सोडून पलीकडचा माणूस म्हणाला, "भले शाब्बास!" आणि जहाजाचा भोंगा दोनदा वाजला.

दुर्वाने बाटली पुन्हा जोडली आणि गॅस परत भरायला घेतला. या वेळी घाई नव्हती. चिमूटभर सोडायचा, थांबायचं, काच बघायची. बुडबुड्यांची रांग विरळ झाली, एकेक सुटा बुडबुडा धावताना दिसला, आणि मग काच अशी नितळ झाली की आत काही आहे की नाही कळेना. पेटीतले कल्ले एकेक करत मिटले. संध्याकाळी पडदा उणे दीडवर आला आणि मास्तर म्हणाले, "यंत्रणा सुस्थितीत आहे." कोणी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाणखोलच्या धक्क्यावर मुंगीला पाय ठेवायला जागा नव्हती. संशोधन केंद्राच्या डॉक्टर नाझनीन सोलकर खाडीच्या तोंडाशी कमरेएवढ्या पाण्यात उभ्या होत्या. दुर्वाने वाटेतच पेटी हळूहळू शून्याच्या जवळ आणून ठेवली होती. खाडीचं पाणी पेटीत भरत भरत शेवटी आतलं आणि बाहेरचं पाणी एक झालं, आणि सरंगे जाळीच्या कुंपणात उतरले. ते तळाला जाऊन आडवे पडले. हलेनात.

धक्क्यावरची माणसं कडेला येऊन पुढे झुकली.

"मेले नाहीत," नाझनीन मॅडम म्हणाल्या. "जाग आहे, पण श्वास घ्यायचं विसरलेत. तोंडातून पाणी खेळवायला हवं. एकेकाला तळव्यावर घ्या, पाण्याच्या आतच, आणि चालत राहा. दाबायचं नाही. आणखी माणसं लागतील मला."

माणसं लागतील म्हटल्यावर काय विचारता! जाळ्या विणणाऱ्या बायका लुगड्यांचे आणि साड्यांचे काचे मारून उतरल्या, त्यांच्यामागे बाप्ये, मग शाळेचे गुरुजी पँट भिजवत. बघता बघता खाडीचं तोंड माणसांनी भरलं, आणि प्रत्येकाच्या तळव्यावर एक सरंगा. तान्ह्या पोराला आंघोळ घालताना धरतात तसा धरून सगळा गाव पाण्यात येरझाऱ्या घालत होता. मग बायकांत कोणीतरी हुंदका दिल्यासारखं ओरडलं, "गेलो! माझो गेलो!" आणि एक रुपेरी पातं कुंपणाच्या कडेने सळसळत गेलं. मग दुसरं. मग कोणाला मोजायची शुद्ध राहिली नाही.

लवू तांडेलही पाण्यात होते, बोटांना चिंध्या बांधून. त्यांना मुलाने आणि सुनेने अडवलं होतं, त्यांनी दोघांचंही ऐकलं नव्हतं. धक्क्यावरून बाळा तारकरने हाक दिली. तोही तांडेल. सगळा जन्म दोघांनी कोणाची होडी भारी यावर वाद घालत काढला होता.

"लवू! आणलंस रे सरंगे! मानलंय तुका!"

आख्खा धक्का ऐकत होता. तांडेलांनी हातातला सरंगा सांभाळत मान वर केली आणि दर्यावर हाक मारायच्या आवाजात उत्तर दिलं.

"मी नाय! माझ्या सुनेन आणल्यान! मी तर रंग फासून मारूक निघाललंय. मी तिच्या होडयेर खलाशी म्हणान गेललंय!"

धक्क्यावर जो ओरडा उठला तो उठला. दुर्वा चार हातांवर उभी होती. अभिमानाने तिचा ऊर इतका भरून आला की तिला खाडी धड दिसेना. तिला डोळे पुसायचे होते, पण दोन्ही हात पाण्यात गुंतले होते, आणि तळव्यावरचा सरंगा अजून निपचित होता. ती चालत राहिली. एक येरझार, दुसरी. तिसऱ्या वळणावर त्याने कल्ला उघडला, शेपटीचा एक सणसणीत फटका तिच्या मनगटावर दिला आणि निघून गेला.

मग तिने डोळे पुसले.